रबराच्या दोन वाट्या

रेवतकर मॅडमचा आवाज आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होता, फक्त त्यांनाच तो माहीत नव्हता. दूधवाल्याला अर्धा लिटर सांगताना त्या इतक्या मोठ्यानं बोलत की चार घरं पलीकडे झोपलेला माणूस जागा व्हावा. नवीन भाडेकरू आले की त्यांना वाटे, या बाई कायम भांडत असतात. आठ-पंधरा दिवसांत कळायचं की बाईंना ऐकू येत नाही, अगदी काहीच नाही.

मी तेव्हा टेलिफोन खात्यात, ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसाचे सात-आठ तास कानाला हेडफोन, आणि त्यात लोकांची सुखदुःखं. घरी आले की मला कोणाचाही आवाज नको वाटायचा. नागपूरच्या हनुमान नगरातलं आमचं घर मॅडमच्या घराला लागून, मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून मला त्यांची सवय झाली ती याच कारणानं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं, आणि लिहिताना माणूस फालतू बोलत नाही.

त्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत. कान गेल्यावर लेक्चर्स काढून घेतली आणि प्रॅक्टिकल्स ठेवली. मुलं शंका चिठ्ठीवर लिहून देत. मॅडम आधी चिठ्ठीतलं शुद्धलेखन लाल पेन्सिलीनं दुरुस्त करत आणि मग उत्तर देत. कोणी हसलं तर त्यांना कळत नसे, असं मुलांना वाटायचं. मला त्यांनी एकदा सांगितलं, "हसताना खांदे हालतात वं. मले सगळं दिसते."

कान कसे गेले, तेही त्यांनी एकदाच सांगितलं. बटाटे सोलत होत्या. पस्तिशीत त्यांना क्षय झाला होता. महिनोन्‌महिने इंजेक्शनं घेतली. छाती साफ झाली आणि त्याच इंजेक्शनांनी कान गेले, आधी पाखरं, मग रेडिओ, मग माणसं. "डॉक्टरले दोष कसा देऊ? त्यानं मले जगवलं," एवढं म्हणून त्यांनी पुढचा बटाटा घेतला.

लग्न केलेलं नव्हतं. भाऊ नरखेडकडे संत्र्याच्या बागेत, वर्षातून दोनदा यायचा. आला की एकच गोष्ट सांगायचा, हा टेलिफोन परत करून टाक. कान चांगले असताना अर्ज केलेला, पुष्कळ वर्षांनी नंबर लागला, आणि फोन घरात आला तेव्हा ऐकू येणं जवळजवळ संपत आलं होतं. तरी मॅडमनी तो परत केला नाही. रोज पुसायच्या. गल्लीतली माणसं अडीअडचणीला त्यांच्याकडे फोन करायला येत. कोणी नंबर फिरवू लागलं की मॅडम उठून व्हरांड्यात जाऊन बसायच्या. मी एकदा पाटीवर लिहिलं, तुम्हाला तर ऐकू येत नाही, मग बाहेर काहून जाता? त्या म्हणाल्या, "मले ऐकू येत नाही हे खरं. पण बोलणाऱ्याले वाटते नं, की खोलीत कोणी आहे."

विजेच्या बाबतीत मात्र त्या कडक होत्या. घराबाहेर पडताना पंख्यापासून इस्त्रीपर्यंत सगळ्याचे प्लग काढायच्या. बल्ब बदलायचा तर आधी मेन स्विच बंद, मग टेस्टर लावून तपासणी, मग लाकडी स्टूल. माझ्या नवऱ्यानं एकदा आमच्या कूलरची वायर नुसत्या दातांनी सोलली. भिंतीपलीकडून हे बघून त्या त्याच्यावर असं ओरडल्या की तो नंतर आठवडाभर त्यांच्यासमोर जायला कचरत होता.

शहाऐंशी साल असावं. त्यांची एक मैत्रीण होती, निर्मला. एम.एस्सी.ला दोघी इथेच होस्टेलवर एका खोलीत राहिल्या होत्या. लग्नानंतर निर्मलाताई पुण्याला गेल्या आणि तिथे एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटरवर काम करायला लागल्या. ऐकू येत होतं तोवर दोघी महिन्यातून एकदा पोस्टातून ट्रंक कॉल करायच्या. नंतर पत्रं. पत्र जायला चार दिवस, उत्तर यायला चार दिवस, आणि तोवर विचारलेली गोष्ट शिळी झालेली. त्या वर्षी निर्मलाताईंच्या भावानं परदेशातून दोन सारखे छोटे कॉम्प्युटर आणले. कीबोर्डच्याच पोटात सगळं, टीव्हीला जोडायचे. एक त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि एक कोणाच्या तरी हाती नागपूरला पाठवला. सोबत पत्र होतं. तुझ्याकडे फोन आहे, माझ्याकडे फोन आहे, मधे मोडेम लाव, मी इथे टाइप केलं की तुझ्या टीव्हीवर उमटेल.

ते पत्र मॅडमनी मला भिंतीवरून वाचायला दिलं. चेहरा नेहमीसारखाच. "तुह्या खात्याचा नियम काय म्हणते ते विचारून ये," म्हणाल्या.

जरीपटक्यात रेडिओच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, तिथे मॅडमची जुनी ओळख. मला घेऊन गेल्या. दुकानदारानं दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक होती बिस्किटाच्या डब्याएवढी पेटी. तिची वायर सरळ टेलिफोनच्या तारेला जोडायची आणि कॉम्प्युटरलाच नंबर फिरवायला सांगायचं. दुसरी वस्तू जुनी, कुठल्या तरी कंपनीनं काढून टाकलेली. तिच्यावर रबराच्या दोन वाट्या. फोनचा रिसीव्हर उचलायचा आणि त्या वाट्यांत पालथा दाबून बसवायचा. मोडेम एका वाटीत चिवचिव करतो आणि दुसऱ्या वाटीतून पलीकडची चिवचिव ऐकतो. तारेला कुठेच हात लावायचा नाही. दुकानदार मला म्हणाला, "दीदी, मॅडमको बोलो पहिलावाला लें. दूसरे में हर बार फोन कानसे सुनना पड़ेगा, घंटी गयी के नहीं, उठाया के नहीं. ये कैसे सुनेंगी?" वायर जोडणं दहा मिनिटांचं काम आहे, कोण बघायला येतंय, असंही त्यानं पुढे जोडलं.

मी सगळं पाटीवर लिहून दाखवलं. खात्याचा नियमही लिहिला, की परवानगीशिवाय लाइनला बाहेरचं काही जोडता येत नाही. मॅडमनी पाटी पुसली आणि त्यावर चित्र काढलं. एक घर, घरात कॉम्प्युटर, घराबाहेर तार, तार खांबावर गेलेली.

"टेलिफोनच्या तारेत पन्नासेक व्होल्ट राहतात, घंटी वाजताना जास्त," त्या भर दुकानात आपल्या आवाजात सांगू लागल्या, रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. "पावसाळ्यात वीज पडली तर ती याच तारेनं घरात येईल, ते माहं नशीब. पण हा कॉम्प्युटर चालते दोनशे तीसवर. आतला ट्रान्सफॉर्मर जळला, अन् मेनचा करंट या तारेत गेला, अन् खांबावर कोणी काम करत असला, तर?" त्यांनी खांबावर एक माणूस काढला. गोल डोकं, काड्यांचे हातपाय. "यातून," त्यांनी रबराच्या वाटीत बोट घातलं, "फक्त आवाज जाते. करंट नाही जात."

मी लिहिलं, पण ऐकणार कोण?

त्यांनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी मीच लिहिलं, मी येत जाईन रविवारी दहाला.

आपल्याकडचा रिसीव्हर त्या वाट्यांत नीट बसेना. मॅडमनी सायकलच्या ट्यूबची कडी कापून फट भरली. पहिल्या रविवारी मी नंबर फिरवला. खूप वेळ खरखर, मग घंटी, मग पलीकडून एक बाई म्हणाली, "हॅलो, सुमन?" आणि लगेच, "अगंबाई, मी पण ना." मी म्हटलं, मी कुंदा, शेजारची, देते हं. रिसीव्हर वाट्यांत दाबला. लाल दिवा लागला. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं, रोमन लिपीतलं मराठी, मुंगीच्या चालीनं. *सुमी जेवलीस का.*

मॅडमनी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले, पण टाइप करेनात. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते. अर्ध्या तासानं त्यांनी हाक मारली तेव्हा डोळे लाल होते आणि त्या मला विचारत होत्या, रिसीव्हर परत ठेवलाय तो बरोबर बसला नं.

उन्हाळ्यात गंमत झाली. कूलर लावला की पडद्यावर कचरा यायचा, कंस, चौकोन, नको ती चिन्हं. वाटीच्या फटीतून कूलरचा आवाज आत शिरायचा. मग मेच्या उन्हात कूलर बंद, खिडक्या बंद, वर गोधडी घातलेला मोडेम, आणि घामानं निथळणाऱ्या मॅडम. बाहेर आंब्यावर कावळा ओरडला की निर्मलाताईंच्या वाक्यात मधेच एक भलतंच अक्षर पडायचं. मॅडम मला हाक मारून सांगत, "कावळा हाकल वं त्याले." ऐकू न येणारी बाई खोलीत टाचणी पडली तरी चिडायची, आणि अख्खी गल्ली रविवारी दहाला हळू बोलायची. समोरच्या घरातले लोक स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेऊन मग सुरू करायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वर्षभर असं चाललं. मग एक्स्चेंजमध्ये माणसं कमी पडली आणि माझे तीन रविवार ड्यूटीत गेले. चौथ्या रविवारी गेले तर टेबलावर दुकानातली ती पहिली पेटी होती, वायरवाली. तारेची टोकं सोललेली, पण कुठेच न जोडलेली. माझी वाट बघून त्या जरीपटक्याला गेल्या होत्या. माझ्याशिवाय भागावं म्हणून आणलेली ती वस्तू मला टोचली, हे खोटं कशाला बोलू.

मॅडमना ते दिसलं. "दोन आठवड्यांपासून अशीच पडून आहे," त्या म्हणाल्या. "रोज बसली मी समोर. जोडलं नाही मी." आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी कधी कोणाला सांगितली नसावी. नोकरीचं पहिलं वर्ष. परीक्षेची घाई होती म्हणून त्यांनी एका बोर्डाची जोडणी न तपासता तशीच सोडली आणि स्टाफरूममध्ये गेल्या. प्रयोगशाळेतला परिचर टेबल पुसायला आला. शॉकनं तो भिंतीवर जाऊन आपटला. वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली. त्यानं तक्रार केली नाही. निवृत्त होईपर्यंत रोज त्याच हातानं तो मॅडमच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायचा.

"दहा मिनिटाचं काम आहे वं," त्या म्हणाल्या. "पण मले प्रत्येक वेळी तो ग्लास दिसते."

मी ड्यूटी बदलून घेतली. त्यानंतर माझा एकही रविवार चुकला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर निर्मलाताईंचा आवाज बदलला. मी रोज शेकडो आवाज ऐकणारी. आधी खोकला होता. मग वाक्याच्या मधे श्वास घ्यायला थांबायच्या. मग एकदा म्हणाल्या, "कुंदाताई, एक मिनिट, मी बसते," आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतरचा तो श्वास. पडद्यावर मात्र त्याच. विनोद, होस्टेलच्या आठवणी, नवऱ्याच्या तक्रारी. पडद्यावरच्या अक्षरांना धाप लागत नाही.

पुढच्या रविवारी त्या आधीच घाईनं म्हणाल्या, "सुमनला सांगू नका. ती धावत येईल. मला आता फार बोलवत नाही, टाइप करायला जमतं. एवढंच तरी नेहमीसारखं राहू दे." मी बरं म्हटलं. लाइनवर ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलेलं. मी तो नियम धरून बसले. सहा रविवार. रिसीव्हर वाट्यांत दाबायचा आणि व्हरांड्यात जाऊन रस्त्याकडे बघत बसायचं. आत मॅडम मोठमोठ्यानं हसताना ऐकू यायच्या.

सातव्या रविवारी त्यांनी मला नंबर फिरवू दिला नाही. माझा हात धरला.

"आजकाल अक्षरं थांबून थांबून येतात," त्या म्हणाल्या. "ती अशी टाइप करत नाही. तू दर रविवारी ऐकतं तिले. तिचा आवाज कसा आहे?"

मी पाटीवर लिहिलं, बरा.

त्यांनी वाचलं. तळहातानं पुसलं आणि पाटी माझ्यापुढे ठेवली. "पुन्हा लिही."

मी लिहिलं. थकलेला. श्वास पुरत नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, कधीपासून. मी लिहिलं, दिवाळीपासून. मला वाटलं त्या ओरडतील. निदान म्हणतील, तू माझ्यापासून लपवलंस. त्यांनी पाटी हळूच टेबलावर ठेवली.

"म्हंजे इतके दिवस तू एकटीच ऐकून राहिली होती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला नंबर फिरवायला सांगितला. त्या दिवशी त्यांनी मला बाहेर जाऊ दिलं नाही. त्यांनी टाइप केलं, *निमा, मी येऊन राहिली.* पडदा बराच वेळ रिकामा राहिला. लाल दिवा चालू होता, म्हणजे लाइन तुटली नव्हती. शेवटी रोमनमधली दोनच अक्षरं आली. *ये.*

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. मी घराची किल्ली ठेवली, कुंड्यांना पाणी घातलं. दोन महिन्यांनी, होळी होऊन गेल्यावर, त्या परत आल्या. रिक्षातून उतरताना बघितलं आणि मला काही विचारावं लागलं नाही.

पुण्याचं त्यांनी फार सांगितलं नाही. एवढंच, की शेवटी शेवटी निर्मलाताईंचा आवाज पूर्ण बसला होता. मग दोघी एका वहीत लिहायच्या, वही मधे पलंगावर ठेवून. घरातले लोक येऊन जाऊन असत, त्यांना कुजबुजत बोलायची सवय लागली होती. "तिले बोलता येत नव्हतं, मले ऐकू येत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "कोणाचं काही अडत नव्हतं."

वही त्यांनी आणली नव्हती. ती निर्मलाताईंच्या नवऱ्याला हवी होती.

रबराच्या वाट्यांचा मोडेम त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिला. मुलांना तो दाखवून त्या शिकवायच्या, यातून फक्त आवाज जातो. कॉम्प्युटरवर कापड पडलं. मी पुढचे काही रविवार सवयीनं दहाला गेले. त्या चहा करून ठेवत. आम्ही दोघी समोरासमोर बसायचो आणि पाटी मधे असायची. पण मधे निर्मलाताई होत्या म्हणून आमचं जमलं होतं, हे तेव्हा कळलं. काय लिहायचं ते मला सुचेना आणि काय बोलायचं ते त्यांना. एका रविवारी घरी पाहुणे आले म्हणून मी गेले नाही. त्यानंतरच्या रविवारीही गेले नाही. त्यांनी भिंतीवरून कधी विचारलं नाही. कोपऱ्यावर फोनचा बूथ निघाला तशी गल्लीतली माणसंही त्यांच्याकडे यायची बंद झाली.

नवऱ्याची अकोल्याला बदली झाली, मीही मागून घेतली. सामान ट्रकनं पुढे गेलं होतं. आम्ही एस.टी.नं निघालो. आदल्या दिवशी मॅडमचा निरोप घेतला होता, दोघींनीही थोडक्यात आटपला होता. म्हणून बस सुटायच्या वेळी फलाटावर त्या दिसल्या तेव्हा मी दचकले. स्टँडवर एवढ्या गर्दीत त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात काही नाही. त्या खिडक्या बघत बघत माझ्या खिडकीखाली आल्या आणि बोलू लागल्या.

इंजिन सुरू झालं होतं. काचा खडखडत होत्या, शेजारची बस हॉर्न देत होती, कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. त्यांचा तो गल्लीभर जाणारा आवाज त्यात पार बुडाला. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. त्या थांबल्या. मग लोक त्यांच्यासमोर करत, तसं त्यांनी केलं. तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून, सावकाश बोलल्या. चार-पाच शब्द असतील. त्यांना ओठ थोडेफार वाचता यायचे. मला येत नव्हते. वीस वर्षं वाईटातल्या वाईट लाइनवरून मी शब्द ओढून काढले होते, पण तोंडासमोरचे हे शब्द मला कळेनात. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, तेच, तितक्याच सावकाश.

मी समजल्यासारखी मान हलवली.

त्यांचं समाधान झालेलं दिसलं. त्यांनी खिडकीच्या गजावर माझ्या बोटांना हात लावला आणि वळल्या. त्यांच्या पाठीमागून एक बस रिव्हर्स घेत येत होती, हॉर्न वाजवत. त्यांनी वळून बघितलं नाही. एका हमालानं त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं. त्या त्याला काहीतरी म्हणाल्या आणि गर्दीतून चालत गेल्या.

नंतर आमची पत्रं चालू होती, दिवाळीला आणि अधूनमधून. त्या दिवशी काय म्हणालात, असं विचारावं हे कितीदा मनात आलं. पण मान तर मी हलवली होती.